उभ्याने घ्यायची गोळी

पार्किंगमध्ये एक हिरवी लेडीज सायकल उभी आहे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीला गाठ.

माझ्या खालच्या जबड्यात उजवीकडे एक दाढ आहे. तिला गरम चालत नाही, गार चालत नाही, आणि माझं बोलणंही फारसं पसंत नसावं.

सासूबाई उघडलेली कुठलीही वस्तू संपवल्याशिवाय सोडत नाहीत. एकदा एक पाहुणे खोकल्याच्या औषधाची बाटली आमच्याकडे विसरून गेले. सासूबाईंनी ती खोकला नसताना संपवली.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. उघडला की उशीच्या अभ्र्याएवढा होतो. पुन्हा घडी घालून तो त्याच खोक्यात बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

रविवारी सकाळी मी विजेचा खांब असते.

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं मलाही आधी वाटलं नव्हतं.

*

निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या बाईला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ देण्यात थोडा खवचटपणा आहे, पण वीजबिलांच्या तक्रारखिडकीवर जन्म काढल्यावर याहून प्रेमळ काही मिळेल अशी माझीही अपेक्षा नव्हती. म्हणून मी स्वतःच स्वतःला सायकल दिली. जुनी, पण रंग नवा. लहानपणी शिकायची राहून गेली होती. का राहून गेली ते सांगत बसले तर ही गोष्ट रडकी होईल, आणि मला तेवढा वेळ नाही. घड्याळ समोरच आहे.

शिकायला लागले आणि तिसऱ्याच दिवशी पडले. डावं मनगट मोडलं.

हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "वेग किती होता?"

"कमीच," मी म्हणाले.

सायकल स्टँडवर उभी होती. मी नुसती बसून बघत होते, कसं वाटतं ते. छान वाटत होतं. मग घंटी वाजवायला जरा पुढे झुकले. यापुढचा तपशील डॉक्टरांच्या उपयोगाचा नव्हता.

पण डॉक्टर हुशार निघाले. एवढ्याशा पडण्याने मनगट मोडतं कसं, म्हणून त्यांनी एका मोठ्या यंत्राखाली मला झोपवलं, आणि निकाल सांगितला: हाडं विरळ झाली आहेत. विरळ! केस विरळ होतात, वस्ती विरळ होते. आतल्या आत आपलं गावच उठून चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही, असं मला वाटलं.

"मग सायकलचं काय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "आठवड्याला एक गोळी. वर्षभर. एकही चुकवायची नाही. येताना रिकाम्या पट्ट्या दाखवायला आणायच्या; माझा पेशंटच्या तोंडी हिशोबावर विश्वास नाही. वर्षाने पुन्हा तपासू. हाडं सावरलेली दिसली, तर सायकलचं बोलू."

"आणि गोळ्या चुकल्या तर?"

"तर सायकल हा शब्द माझ्यासमोर काढू नका."

थोडक्यात, माझी सायकल माझ्या हाडांकडे गहाण पडली.

*

घरी यावर बैठक झाली. आमच्या घरी बैठक म्हणजे मी उभी असते आणि बाकीचे बोलतात.

नवरा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. त्याला जगात फक्त दोनच गोष्टी दिसतात, झालेलं नुकसान आणि होणारं नुकसान. तो म्हणाला, "सायकल विकून टाकू. मूळ कारणच संपेल."

सासूबाई ऐंशी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी हाडं विरळ होत नसत. फुरसत कुठे होती?"

तिसरे, न बोलावता आलेले, सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना आम्ही सूचनाफलक म्हणतो, कारण त्यांच्या मनात आलेलं प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी खाली काचेच्या पेटीत लागलेलं असतं. ते म्हणाले, "वहिनी, वापरात नसलेलं वाहन पार्किंगमध्ये ठेवता येत नाही. मी वैयक्तिक बोलत नाहीये." दुसऱ्या दिवशी पेटीत सूचना लागली: 'हिरव्या रंगाच्या वापरात नसलेल्या दुचाकीच्या मालकांनी.' पुढे काही नव्हतं. मालकांनी काय करायचं ते लिहायला जागा उरली नव्हती.

*

आता गोळीविषयी.

ही गोळी मानी आहे. ती रविवारी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. तिच्या आधी काही नाही, तिच्यानंतर अर्धा तास काही नाही. आणि त्या अर्ध्या तासात आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. ताठ बसायचं किंवा उभं राहायचं. माझ्या लग्नातसुद्धा कुणाचा एवढा मान ठेवला गेला नव्हता.

मी उभं राहणं पसंत केलं. ही चूक झाली. बसलेली बाई दमलेली असू शकते. उभी असलेली बाई मोकळी असते, अशी आमच्या घराची पक्की समजूत आहे.

"उभीच आहेस तर जरा माळ्यावरची बॅग काढ." हा नवरा.

"उभीच आहेस तर पलंगाखाली माझी चप्पल गेलीय बघ." या सासूबाई.

"आई, मला वाकायचं नाहीये."

"वाकू नकोस. नुसती बघ."

पलंगाखाली न वाकता बघता येत नाही. मी वाकले. चप्पल मिळाली, पण छातीच्या मधोमध असा जाळ उठला की गोळी परत वर येऊन विचारत असावी, 'कोण म्हणालं वाकायला?'

पुढचे सगळे रविवार असेच. कधी गॅसच्या शेगडीखाली पडलेला चमचा, कधी कपाटामागे गेलेलं टपाल. सोमवारपर्यंत जळजळ, मंगळवारी ढेकर, बुधवारी जरा बरं, आणि शनिवारपासून रविवारची धास्ती.

सल्ले सुरू झाले. नणंद फोनवर म्हणाली, "गिळू नकोस, चघळ. पोटाला कमी त्रास." (चघळू नका. घसा सोलून निघेल. नणंदेने स्वतः कुठलीच गोळी कधी घेतलेली नाही. तिला नुसतं सांगायला आवडतं.) सूचनाफलक म्हणाले की, त्यांच्या साडूंनी हाडांसाठी रोज उन्हात उलटं चालायला सुरुवात केली. मी विचारलं, फरक पडला का? म्हणाले, हो, पडले.

नवऱ्याने तो अभ्र्याएवढा कागद उघडला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला.

"छातीत जळजळ."

"आहे."

"गिळताना दुखणं."

"थोडं."

"सांधेदुखी, पोटदुखी, डोकेदुखी... अगं, हे बघ, क्वचित प्रसंगी मांडीचं हाड आपोआप..."

"पुरे!"

"आणि क्वचित प्रसंगी जबड्याचं..."

"अहो, पुरे म्हटलं ना!"

तो दुखावला. घडी घालायला लागला. जमेना. तो कागद नंतर बरेच दिवस टीव्हीवर पांघरलेला होता.

*

मी गोळी बंद केली.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. करायलाही सोपं होतं. अवघड होतं ते कुणाला कळू न देणं. डॉक्टरांना सांगावं तर सायकल गेली. नवऱ्याला सांगावं तर त्याच संध्याकाळी विकून येईल. म्हणून मी रविवारी सकाळी उठायची, ग्लासभर पाणी प्यायची, आणि गोळी न घेता अर्धा तास उभी राहायची. रिकाम्या पोटी, रिकाम्या मनाने. न घेतलेल्या गोळ्यांची पट्टी साबणाच्या पावडरीच्या डब्यामागे लपवलेली.

या अभिनयाला कुणी बक्षीस देत नाही. उलट मी आता वाकू शकत होते, त्यामुळे पलंगाखालचा सगळा भाग मात्र लख्ख झाला.

जळजळ थांबली. हाडांचं काय चाललं होतं ते हाडांनाच माहीत.

*

पुढचा प्रसंग आधी नवऱ्याच्या तोंडून ऐका, कारण तो हा प्रसंग सगळ्यांना सांगतो:

"आईला हार्ट अटॅक आला. दुपारची वेळ. जेवून झोपली होती. एकदम उठून बसली, छाती धरलेली, चेहरा पांढरा. मी लगेच परिस्थिती हातात घेतली. रुग्णवाहिका मागवली, कागदपत्रं घेतली, आईला धीर दिला. दवाखान्यात पोचेपर्यंत माझं डोकं शांत होतं."

आता मी सांगते. नवऱ्याने रुग्णवाहिकेऐवजी आधी विमा कंपनीला फोन केला. मग एका पायात माझी चप्पल घालून जिन्यात उभा राहून ओरडला. सूचनाफलक धावत वर आले आणि लिफ्ट रुग्णासाठी राखीव आहे, असं सांगून त्यांनी लिफ्टमध्ये शिरणाऱ्या आम्हालाच अडवलं. दवाखान्यात तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत. तिथला डॉक्टर म्हणाला, एवढं छान हृदय मी या आठवड्यात पाहिलं नाही. सासूबाईंना त्या अवस्थेतही बरं वाटलं.

"मग दुखतंय कुठे?" त्याने विचारलं.

सासूबाईंनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं, तिथून वर घशापर्यंत एक रेघ ओढली आणि ओठ चावले.

मला ती रेघ ओळखीची होती. त्या रेघेवरून मी कितीतरी सोमवार काढले होते.

मी पडदा ओढला, नवऱ्याला पाणी आणायला पाठवलं, आणि खाली वाकून विचारलं, "आई, गोळी कशाबरोबर घेतलीत?"

सासूबाईंनी डोळे मिटले.

"आई."

"चहाबरोबर," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग आडवी झाले. औषध घेतल्यावर माणूस आडवं होतं. तुझ्यासारखं खांबावानी उभं राहत नाही."

"एक घेतलीत?"

सासूबाईंनी पडद्याकडे तोंड फिरवलं.

"आई, किती?"

"जेवढ्या तू चुकवल्यास त्यातल्या दोन. बाकीच्या हळूहळू घेणार होते."

मी खाटेच्या कडेवर बसले. वास्तविक मी रागवायला हवं होतं. पण जिची चोरी पकडली गेलीय तिने दुसरीवर रागवायचं कसं, हे मला सुचेना.

"पण का घेतल्यात?"

"साबणाच्या डब्यामागे वाया जात होत्या." मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "आणि तो डॉक्टर रिकाम्या पट्ट्या बघणार होता ना? भरलेली पट्टी दाखवली असतीस तर दिली असती का तुला सायकल?"

ही बाई माझ्यासाठी कोर्स पुरा करत होती. बाहेरच्या कुणाला सांगायलाही लाज वाटेल असलं प्रेम होतं हे.

"अहो आई, पण पट्टी रिकामीच करायची होती तर गोळ्या काढून फेकून द्यायच्या!"

सासूबाईंनी दुसराही डोळा उघडला. त्यांच्या चेहऱ्यावर छातीतल्या जळजळीपेक्षाही मोठं दुःख पसरलं.

"फेकून?" त्या म्हणाल्या.

*

हाडांच्या डॉक्टरांसमोर आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. शाळेत कॉपी करताना धरलेल्या दोन मुलींसारख्या, फक्त एक साठीची आणि एक ऐंशीपुढची.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं. मग बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"तुम्ही," ते सासूबाईंना म्हणाले, "दुसऱ्याचं औषध पुन्हा घेतलंत, तर मी तुम्हाला खरोखर आजारी पाडेन. घशाच्या जखमेचं औषध लिहून देतो." मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही. त्रास झाला तर मला सांगायचं होतं. गोळीला पर्याय असतात. न सांगता बंद करण्याला पर्याय नसतो."

"सायकल गेली ना?" मी विचारलं.

"वर्षाचं गणित बिघडलंय. पण औषध बदलून बघू. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन. पोटाशी संबंध नाही, उभं राहायची गरज नाही. मात्र एक अट. हे मध्येच सोडायचं नाही, पुढेही ढकलायचं नाही. उशीर झाला तर कमावलेली हाडं झपाट्याने उतरतात, पाठीचे मणके मोडतात. थांबवायचंच झालं तर मला विचारून, त्याजागी दुसरं औषध देऊनच. कळलं?"

"कळलं."

"उरत नाही ना त्यात काही?" सासूबाईंनी विचारलं. "म्हणजे सुईत?"

"नाही आजी. सगळं आत जातं."

"मग चांगलं औषध आहे," सासूबाई म्हणाल्या.

"दातांचं काही दुखणं?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

मी नाही म्हणणार होते. दाढ मात्र तेवढ्यात ठणकली आणि चेहऱ्याने सगळं सांगितलं.

"मग आधी दातांच्या डॉक्टरांकडून सगळं ठीक असल्याची चिठ्ठी आणा. इंजेक्शननंतर दाढ काढली तर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. ते वरच्याच मजल्यावर आहेत."

मी वरच्या मजल्यावर गेले. दातांचा डॉक्टर तरुण, हसतमुख, हातमोजे घातलेला. म्हणाला, "दाढ काढावीच लागेल. पण तुम्ही हाडांची गोळी घेत होता म्हणता. मग काढायला हरकत नाही अशी हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा."

खाली गेले. खाली म्हणाले, "मी कसं लिहू? दाढ त्यांनी बघितलीय. त्यांनी आधी लिहावं."

वर गेले. वर म्हणाला, "औषध त्यांनी दिलंय. त्यांनी आधी लिहावं."

मी आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. माणसाला मजल्यामजल्यांवर फिरवण्यात एक कसब असतं, आणि हे दोघे त्यात तरबेज होते. कुणी आवाज चढवत नव्हतं, कुणी नाही म्हणत नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी दाद दिली असती. पण आता एक जबडा सुजत होता आणि लिफ्ट बंद होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मी येते."

त्या एकेक पायरी चढत वरच्या मजल्यावर पोचल्या. दातांच्या डॉक्टरचा हातमोजा घातलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाळा, जरा आजीला खाली सोडतोस का? जिना उतरवत नाही." तो बिचारा, आजीला धरून, एकेक पायरी खाली आला. सासूबाईंनी त्याला सरळ हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत नेलं, आत ढकललं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आतून आवाज आले.

"अरे, तुम्ही! किती दिवसांनी!"

"सर, त्या पेशंटची दाढ काढू ना?"

"काढा की. जखम भरली की मी इंजेक्शन देतो."

संपलं. आमचे तीन दिवस गेले होते. सासूबाईंनी दार सोडलं आणि म्हणाल्या, "शिकलेली माणसं एकमेकांशी बोलत का नाहीत गं?"

*

दाढ निघाली. त्याच दिवशी सूचनाफलक भंगारवाल्याला घेऊन पार्किंगमध्ये उतरले. मी तोंडात कापूस दाबून घरी आले, तेव्हा सासूबाई खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. एक हात सायकलच्या हँडलवर.

"आजी, कागदोपत्री मालक सापडत नाही म्हणून काढतोय," सूचनाफलक सांगत होते.

"सापडले. माझी आहे."

"तुमची?" सूचनाफलक हसले. "आजी, वापरात असलेली लागते."

"वापरतेय की. हात टेकायला."

मला काही बोलायचं होतं, पण कापूस होता. सूचनाफलक वर गेले. पेटीतली सूचना मात्र अजून आहे. ती काढायला कुणाला तरी लेखी अर्ज करावा लागतो.

जखम भरल्यावर इंजेक्शन झालं. दोन दिवस अंग दुखलं, तेवढंच. नवऱ्याने पुढच्या इंजेक्शनची तारीख फ्रीजवर, कपाटावर आणि आरशावर चिकटवली. दात घासताना मला माझा चेहरा कमी आणि तारीख जास्त दिसते. पण तारीख चुकली नाही. पुढचीही नाही.

डॉक्टरांनी सासूबाईंचीही तपासणी करून घेतली. म्हणाले, आजींची हाडं त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहेत. मी थांबले असते तर बरं झालं असतं, पण मी विचारलं, आणि माझ्या वयाच्या मानाने? ते म्हणाले, तरीही उत्तम. परतीच्या रिक्षात सासूबाई एक शब्दही बोलल्या नाहीत. इतकं मोठ्याने गप्प बसलेलं मी कुणाला ऐकलं नव्हतं.

माझ्या फेरतपासणीचा दिवस आला. डॉक्टरांनी दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. मी त्यांच्या भुवया बघत होते.

"सावरली आहेत. थोडी वरही आली आहेत."

तो शब्द त्यांच्यासमोर काढायचा नव्हता.

त्यांनीच काढला. "सायकल. सपाट, मोकळी जागा. डोक्याला हेल्मेट. सोबत कुणीतरी हवं. आणि स्टँड वर करून."

म्हणजे त्यांना माहीत होतं. नवऱ्याने सांगितलं असणार.

*

रविवार. इमारतीमागचं मोकळं आवार. नवरा सीट मागून धरून उभा, तोंडाने विम्याच्या अटी पुटपुटत. सूचनाफलक कडेला. सासूबाई खुर्चीत.

मी पाय टाकला. सायकल डावीकडे गेली, मी उजवीकडे.

"चाकाकडे नको बघू!" सासूबाई ओरडल्या. "लांब बघ! भिंतीकडे!"

मी भिंतीकडे पाहिलं. हँडल लटपटलं.

"आवळू नकोस हँडल, सैल धर! पाय थांबवू नकोस, पाय थांबला की पडशील! ए, तू सोड रे सीट, तूच पाडतोयस तिला!"

नवऱ्याने आईचं ऐकलं. आयुष्यभर ऐकत आलाय.

भिंत जवळ आली. "आता वळ! आधी डोकं वळव, मग हँडल! मागचा ब्रेक, मागचा! पुढचा नको!"

मी डोकं वळवलं. सायकल वळली. मला कुणी धरलेलं नव्हतं.

स्वतःच्या लग्नाच्या आधी दोन वर्षं सासूबाई शिवलेले कपडे सायकलवरून घरोघर पोचवत होत्या, हे नंतर कळलं.